रकाना कोणी भरला?

२०२३ च्या कर्नाटक विधानसभा निवडणुकीआधी आळंद मतदारसंघाच्या यादीतून नावे वगळण्यासाठी ६,०१८ ऑनलाइन अर्ज आले होते. पडताळणीत त्यांतले २४ खरे निघाले. उरलेले ५,९९४ फेटाळले गेले आणि निवडणूक यंत्रणेनेच फिर्याद नोंदवली. अर्जदार म्हणून ज्यांची नावे होती, त्यांच्यातल्या काहींना आपण असा अर्ज केल्याचा पत्ताही नव्हता. सप्टेंबर २०२५ मध्ये हे आकडे देशभर गाजले आणि कोणत्या पक्षाला फटका बसला असता यावर भरपूर चर्चा झाली. राष्ट्रवाद, स्थलांतर, नागरिकत्व शिकवणाऱ्या आणि अभ्यासणाऱ्या आपल्यासारख्यांना त्यात आपला विषय दिसायला हवा होता. तो फारसा कुणाला दिसला नाही, याची खंत वाटते.

वर्गात आपण संविधानाचा भाग दोन, १९५५ चा कायदा, २०१९ ची दुरुस्ती शिकवतो. ते शिकवलेच पाहिजे. पण सामान्य माणसाची नागरिकत्वाशी गाठ पडते ती छापील नमुन्यावर, आणि तो नमुना भरणारा हात पुष्कळदा दुसऱ्याचा असतो.

आळंदच्या परिसरातल्या बंजारा (लमाण) तांड्यांवर हे फार स्पष्ट दिसते. घरात गोरबोली म्हणजेच लमाणी, बाजारात कन्नड आणि दखनी, उमरगा-सोलापूरच्या वाटेला लागले की मराठी. जनगणनेत मातृभाषा ‘लमाणी’ सांगितली तरी प्रसिद्ध होणाऱ्या तक्त्यांत ती हिंदीखाली जमा होते. २०११ मध्ये अशा तीस लाखांहून अधिक माणसांची भाषा हिंदीच्या बेरजेत गेली. जातीच्या रकान्यात गुंता आणखी वाढतो. हाच बंजारा समाज कर्नाटकात अनुसूचित जातीत, महाराष्ट्रात विमुक्त जातीत आणि तेलंगणात अनुसूचित जमातीत मोजला जातो. आळंद, उमरगा आणि तेलंगण १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होते. आज दोन बहिणी दोन राज्यांत दिल्या, तर त्यांची मुले दोन वेगळ्या प्रवर्गांत वाढतात. २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्या बंजारा समाजाने हैदराबाद गॅझेटियरचा आधार घेऊन अनुसूचित जमातीचा दर्जा मागितला. ती मागणी पटो न पटो, एका जुन्या यादीतला शब्द आजच्या मुलाच्या फीपर्यंत कसा पोचतो, याचा हा धडा आहे.

आपण मात्र प्रबंधात जनगणनेचे आकडे तसेच उतरवून घेतो आणि त्यांच्यावर अस्मितेची मांडणी उभी करतो. बेनेडिक्ट अँडरसनने आपल्या १९८३ च्या ग्रंथाला १९९१ च्या आवृत्तीत जनगणना, नकाशा आणि संग्रहालय यांवरचे प्रकरण जोडले. ते आपल्याकडे उद्धृत सगळे करतात. तो प्रश्न घेऊन तालुक्याच्या कचेरीत जाणारे विद्यार्थी फार थोडे भेटतात.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नाच्या अभ्यासातही हेच झाले आहे. गाव हा घटक आणि मातृभाषेची बहुसंख्या, हा महाराष्ट्राचा निकष. महाजन आयोगाने १९६७ च्या अहवालात निपाणी, खानापूर महाराष्ट्राकडे आणि आळंदला लागून असलेला अक्कलकोट कर्नाटकाकडे द्यावा असे सुचवले. २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. बेळगाववर लेखनाचे डोंगर आहेत, आळंद-बसवकल्याणच्या पट्ट्यावर तुरळक टिपणे. कारण उघड आहे. इथे घर एका भाषेचे नाही, त्यामुळे कोणत्याच बाजूच्या युक्तिवादाला ते सोयीचे नाही. नेमके म्हणूनच अभ्यासकाने इथे यायला हवे.

पूर्वग्रहाचा अभ्यासही इथे १९४८ टाळून करता येत नाही. मे १९४८ मध्ये बिदर जिल्ह्यातल्या गोरट्यात हैदराबाद संस्थानातल्या रझाकारांनी हत्याकांड केले. सप्टेंबरच्या पोलीस ॲक्शननंतर मुसलमानांवर जे गुजरले, त्याची पाहणी सुंदरलाल समितीने केली आणि उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड हे चार जिल्हे सर्वाधिक होरपळल्याचे नोंदवले. ज्या घरात गोरट्याची आठवण सांगतात तिथे समितीचे नाव ऐकू येत नाही, आणि उलटही. दोन्ही घरांत बसून ऐकणारा संशोधक आपल्याला घडवायचा आहे. आठवणींची हीच फाळणी आळंदमध्येही दिसते. तिथल्या लाडले मशायख दर्ग्याच्या आवारातच तुकोबांच्या गुरुपरंपरेतल्या राघवचैतन्यांचे स्थान मानले जाते. २०२२ च्या महाशिवरात्रीला तिथे तणाव उसळला. २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने पंधरा जणांना पूजेची परवानगी दिली. इथेही अखेर एक संख्या आणि एक यादीच उरली. त्याआधी तिथे कोण कसे येत-जात होते, हे सांगू शकणारी पिढी थकत चालली आहे.

म्हणून मार्गदर्शकांना विनंती आहे. विद्यार्थ्याला सीमाभागात पाठवताना प्रश्नावलीत ‘मातृभाषा’ या शब्दापुढे एकच चौकोन ठेवू नका. आईशी काय बोलता, शाळेत काय शिकलात, मुकादमाशी कोणत्या भाषेत भांडता, असे विचारा. मतदारयादी, शिधापत्रिका आणि जातीचा दाखला यांतली नावे शेजारी ठेवा आणि कुठल्या कागदावर स्पेलिंग कोणी बदलले ते शोधा. यापुढे या मासिकात क्षेत्रपाहणीवरचा लेख घेताना प्रश्नावली आणि ती कोणी, कोणत्या भाषेत भरली याची नोंद सोबत मागितली जाईल. दिवाळीनंतर तांड्यांवरची माणसे मुंबई-पुण्याच्या बांधकामांवर आणि ऊसतोडीला निघून जातात. तुम्ही कोणत्या महिन्यात गेलात आणि त्या दिवशी किती दारांना कुलूप होते, तेही लिहा.