विकत घेतलेला चिखल

पूर्वी काशीयात्रेहून परत आलेल्या गृहस्थाच्या घरी शेजारीपाजारी जमत, ते गंगेच्या गडव्यासाठी आणि वाटेतल्या हकिकती ऐकण्यासाठी. आजही मंडळी जमतात. मात्र गडव्याची जागा मोबाईलने घेतली आहे आणि हकिकतीची जागा चित्रफितीने. गेल्या उन्हाळी सुटीनंतर आमच्या फुलंब्रीच्या घरी अशीच एक बैठक झाली. आमचे एक तरुण सहकारी सहकुटुंब बाली बेटाला जाऊन आले होते. देवळे, समुद्र, सूर्यास्त ही सर्व चित्रे भराभर सरली आणि स्वारी ज्याच्यासाठी थांबली ते चित्र असे : चार जाडजूड फुगीर चाकांच्या, वर खोगिरासारखी बैठक असलेल्या गाड्यांची एक रांग, पुढे एक स्थानिक वाटाड्या, मागे शिरस्त्राण घातलेले आमचे सहकारी, त्यांची पत्नी आणि दोन मुले, सगळे नखशिखांत चिखलाने माखलेले आणि सगळ्यांच्या चेहऱ्यांवर जग जिंकल्याचा आनंद. या वाहनाला क्वाड बाईक अथवा एटीव्ही म्हणतात, आणि रस्ता सोडून रानावनातून तिच्यावर बसून जाणे हे म्हणे आजकालच्या प्रवासातले सर्वोत्तम साहस होय.

आमच्या वृद्ध मावशी कोपऱ्यात बसून हे पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "का हो, एवढा चिखल तर आपल्या मळ्याच्या वाटेवर आषाढात फुकट मिळतो. त्यासाठी विमानात कशाला बसायचे?" सर्वजण हसले. आम्हीही हसलो. परंतु पाहुणे गेल्यावर तो प्रश्न मात्र आमच्या मनातून जाईना, आणि त्याचे उत्तर शोधता शोधता आमचे जे मत बनले ते वाचकांपुढे स्पष्टपणे मांडावे म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथमच एक खुलासा करतो. आम्ही प्रवासाचे वैरी नाही आणि यंत्रांचेही नाही. हे वाहन मुळात निरुपयोगी आहे असेही आमचे म्हणणे नाही. १९७० साली होंडा कंपनीने अमेरिकेत तीन फुगीर चाकांची गाडी विकावयास काढली, ती बर्फातून व वाळूतून चालावी म्हणून. पुढे १९८२ च्या सुमारास सुझुकीने तिला चौथे चाक दिले. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथील मेंढपाळ व शेतकरी विस्तीर्ण कुरणांवर तिचा रोजच्या कामासाठी उपयोग करतात. जेथे काम आहे तेथे अवजाराला मान आहे. आमची तक्रार आहे ती या अवजाराचे खेळणे करून, त्या खेळण्याला 'साहस' हे भारदस्त नाव देऊन, ते मध्यमवर्गीय कुटुंबांना तासाच्या भावाने विकणाऱ्या धंद्याविषयी. आणि त्याहूनही अधिक, ते विकत घेणाऱ्या आपणां सर्वांविषयी.

साहस म्हणजे काय? १८५७ साली कुलाबा जिल्ह्यातील वरसईचे विष्णुभट गोडसे द्रव्यार्जनासाठी उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या ऐन धुमश्चक्रीत सापडले. झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला, लुटले गेले, उपाशी राहिले आणि तरी गंगोदक घेऊन घरी परतले. त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ साली छापला गेला. तो ज्यांनी वाचला आहे त्यांना ठाऊक आहे की त्या भटजींनी आपल्या प्रवासाला साहस असे कोठेही मिरवले नाही. पैठणहून नाथांच्या पालखीबरोबर पंढरीस पायी जाणारी आमच्याकडची वृद्ध माणसेही ऊनपाऊस सोसतात, उघड्यावर निजतात, पायांना फोड आणतात. त्यांनाही हा शब्द सुचत नाही. ज्या ठिकाणी पुढे काय होईल हे ठाऊक नसते, जेथे निर्णय आपला आपल्याला घ्यावा लागतो आणि त्याचे फळही आपणच भोगावे लागते, तेथे साहसाला प्रारंभ होतो.

आता या सहलीकडे पाहा. वाट आधीच आखलेली. कोणत्या वळणावर चिखल लागणार, कोणत्या ओढ्यात पाणी उडणार आणि कोणत्या उंचवट्यावर छायाचित्र काढले जाणार हे वाटाड्याला पाठ. पाहुण्याने करावयाचे ते एवढेच की उजव्या हाताच्या अंगठ्याने एक लहानशी कळ दाबावयाची. डोंगर चढते ते इंजिन, वाट काढतो तो वाटाड्या, आणि पराक्रम मात्र आपला! हे म्हणजे स्वयंपाक्याने रांधलेल्या पक्वान्नावर तुळशीपत्र ठेवून आपण सुगरण म्हणविण्यासारखे झाले.

यावर कोणी म्हणेल, "बरे, खोटे तर खोटे, पण निर्धोक तर आहे ना? मुलांना जरा गंमत." येथेच आमचा दुसरा आणि अधिक गंभीर आक्षेप उभा राहतो. या सहलीतले साहस लटके आहे; धोका मात्र लटका नाही. चार चाके पाहून माणसाला वाटते की हे वाहन दुचाकीपेक्षा स्थिर असणार. वस्तुस्थिती उलट आहे. त्याची रुंदी थोडी आणि गुरुत्वमध्य उंच. पुष्कळशा गाड्यांत मागची दोन्ही चाके एकाच सलग आसावर घट्ट बसविलेली असतात, त्यामुळे वळताना आतले आणि बाहेरचे चाक वेगवेगळ्या गतीने फिरू शकत नाही. अशा वेळी चालकाने आपल्या शरीराचा भार योग्य बाजूस झुकवून वाहन सावरावयाचे असते. ही कला सरावाने येते. भाड्याच्या पंधरा मिनिटांत येत नाही. ती नसली आणि उतारावर किंवा भुसभुशीत वाळूत वळण चुकले, तर दोनतीनशे किलोंचे ते धूड बसणाऱ्याच्याच अंगावर उलटते.

हे आमचे कल्पनातरंग नव्हेत. अपघातांची संख्या इतकी वाढली की १९८८ साली अमेरिकेत सरकार व उत्पादक यांच्यात न्यायालयीन तडजोड होऊन तीन चाकांच्या गाड्यांची विक्री बंद झाली. सोळा वर्षांखालील मुलांना मोठ्यांची गाडी देऊ नये, एकट्याच्या गाडीवर दुसऱ्यास बसवू नये, असे तेथील ग्राहक-सुरक्षा खाते सांगत आले आहे. ऑस्ट्रेलियाने २०१९ साली या गाड्यांसाठी सक्तीचे सुरक्षा-मानक केले आणि २०२१ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या सर्वसाधारण क्वाडवर, ती उलटल्यास चालक चिरडला जाऊ नये म्हणून, संरक्षक कमान आवश्यक ठरविली. ज्या देशांत हे वाहन शेतकऱ्याच्या घरी रोज वापरले जाते ते देश त्याला असे बिचकून असतात. आणि आपण चौदा वर्षांच्या पोरीला त्यावर बसवून समोरून छायाचित्र काढतो!

चौदा वर्षांची पोर हे उदाहरण आम्ही उगाच घेतले नाही. ती आमची सख्खी भाची. काही वर्षांपूर्वी आम्ही सर्व कोकणात एका समुद्रकिनाऱ्यावर गेलो असता तिने हट्ट धरला आणि आम्ही, म्हणजे तिचा बाप आणि हे लिहिणारे तिचे मामा, दोघांनीही मान डोलावली. बरोबर जो 'मार्गदर्शक' दिला होता त्याला अजून मिसरूडही फुटले नव्हते. ओल्या वाळूवरून कोरड्या वाळूत वळताना गाडी कलंडली. दैव बलवत्तर म्हणून पोरगी बाजूस फेकली गेली आणि मनगटाच्या हाडावर निभावले. मालक धावत आला आणि त्याने आधी गाडीचा पुढचा दिवा पाहिला. आम्ही संतापलो, तेव्हा त्याने शांतपणे एक कागद पुढे केला. इजा झाल्यास सर्व जबाबदारी आमची, असे त्यावर छापले होते आणि खाली तिच्या बापाची सही होती. आम्ही दोघेही पदवीधर. विद्यार्थ्यांना 'वाचल्याशिवाय सही करू नका' असे शिकविण्यात आमची हयात गेली. तो कागद आम्ही प्रथम वाचला तो रुग्णालयाच्या बाकावर. त्या मालकास दोष देण्याचा अधिकार आम्हांस किती उरतो, हे वाचकांनीच ठरवावे.

तिसरा आक्षेप त्या जमिनीच्या वतीने आहे, कारण तिला स्वतःला बोलता येत नाही. 'रस्ता सोडून' या शब्दांत मोठी मोहिनी आहे. परंतु जेथे रस्ता नाही तेथे काहीच नाही, हा शहरी माणसाचा भ्रम होय. कोकणच्या वाळूत हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीची कासवीण रात्री येऊन हातभर खोल खळगा करते आणि शंभराच्या आसपास अंडी घालून निघून जाते. सुमारे दीड-दोन महिन्यांनी पिल्ले वर येतात व समुद्राकडे सरपटू लागतात. गाडीच्या चाकोरीची खोली आपल्याला चार बोटे वाटते. त्या पिल्लाला ती दरी असते. बालीतील ज्या भातखाचरांच्या मधून आमच्या सहकाऱ्यांची वरात निघाली, त्यांचे पाणी 'सुबक' नावाच्या शेकडो वर्षांच्या सहकारी पद्धतीने वाटले जाते. जलदेवतांची देवळे आणि शेतकऱ्यांच्या सभा यांच्या आधारे ती व्यवस्था चालते. २०१२ साली युनेस्कोने तिला जागतिक वारशाचा मान दिला. त्याच वर्षी आपला सह्याद्रीही, कासच्या पठारासह, त्या यादीत गेला. आम्ही सहकाऱ्यांना विचारले, "सुबक पाहिलेत काय?" ते म्हणाले, "ते काय असते?" चाळीस हजार पावलांचा मुलूख त्यांनी तासाभरात ओलांडला होता आणि डोळ्यांत मावले होते ते केवळ पुढच्या गाडीचे मागचे चाक.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे. पहिले असे की या धंद्यावर किनाऱ्यावरची शेकडो पोरे पोट भरतात. हा मुद्दा खरा आहे व तो तुच्छतेने उडवून लावणे हे पगारी प्राध्यापकास शोभणार नाही. परंतु पोट भरण्याचा दुसरा मार्ग त्याच कोकणाने दाखविला आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावी चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना हाताशी धरून कासवांची घरटी राखली. पुढे तेथे कासव-महोत्सव सुरू झाला. पाहुणे गावातल्या घरांत उतरू लागले, घरचे जेवू लागले आणि पहाटे उठून पिल्ले समुद्रात जाताना हात बांधून उभे राहून पाहू लागले. तेथेही वाटाड्या आहे. पण तो अंगठ्याची कळ दाखवीत नाही, त्याला जे ठाऊक आहे ते सांगतो. एकाच्या पदरी भाड्याचे यंत्र आहे आणि दुसऱ्याच्या पदरी ज्ञान. यंत्र उद्या दुसरा कोणी अधिक भांडवलवाला आणील. ज्ञान त्या मुलाकडून कोण काढून घेणार?

दुसरे म्हणणे असे की ज्यांना चालवत नाही त्यांनी रान पाहूच नये काय? अवश्य पाहावे. वृद्धांस व अपंगांस जपून नेणारे वाहन कोणी चालवील तर आम्ही त्यास नमस्कार करू. परंतु त्या चिखलमाखल्या रांगांत आम्हांस आजवर एकही आजी दिसली नाही. दिसले ते धडधाकट पायांचे लोक.

तिसरे म्हणणे आमच्या वयाविषयी आहे. पन्नाशी उलटलेल्या मास्तराला तरुणांची मौज खुपते, असे म्हटले जाईल. म्हणोत. मौजेला आमची ना नाही. अज्ञानात घेतलेल्या आणि दुसऱ्याच्या जमिनीवर भागविलेल्या मौजेला आहे.

हे सर्व दूर देशीचे प्रकरण म्हणून आम्ही सोडूनही दिले असते. पण परवाच आमच्या एका माजी विद्यार्थ्याने मोठ्या उत्साहाने सांगितले की म्हैसमाळला अशा दहा गाड्या आणल्या तर धंदा तुफान चालेल. म्हैसमाळचे ते १००० मीटरांहून उंच पठार आमच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. तेथे गिरिजामातेचे देऊळ आहे, आणि तिचेच नाव धारण करणारी गिरिजा नदी त्या डोंगरांतून उतरून आमच्या तालुक्यातून पूर्णेकडे जाते. काळ्या खडकावर जेमतेम वीतभर माती. तिच्यावर पावसाळ्यात दोन महिने गवत व रानफुले आणि मग दहा महिने वाट पाहणे. ती वीतभर माती एकदा चाकांनी उकरली की पुढचा पाऊस तिला खाली घेऊन जाईल. दुष्काळ ज्यांनी पाहिला आहे त्यांना मातीची आणि पाण्याची ही सोयरीक आम्ही समजावून सांगावयास नको. आम्ही त्या विद्यार्थ्याला एवढेच म्हणालो, "बाबा, दहा गाड्यांच्या भांडवलात दहा मुलांना तेथली झाडे, पाखरे आणि दगड शिकव. मी स्वतः पहिला पैसे देऊन येईन." तो विचारात पडला, अजून पडलेला आहे, ही आशेची गोष्ट होय.

शेवटी मावशींच्या प्रश्नाकडे वळतो. आमच्या शिवारातल्या कित्येक गाडीवाटा पावसाळ्यात अशा होतात की बैल पोटापर्यंत रुततो, मका आणि अद्रक शेतातच अडकते, आणि वस्तीवरची मुले चपला हातात घेऊन शाळा गाठतात. शेतरस्त्यांसाठी सरकारने २०२१ साली मातोश्रींच्या नावाने योजना काढली. तरी चिखल पुष्कळ शिल्लक आहे. त्या मुलांना तो चुकवावयाचा असतो, आणि आमची मुले तो विकत घेण्यासाठी समुद्र ओलांडतात. ज्याला चिखलातून चालण्याची सक्ती नाही त्यालाच त्यात गंमत वाटते, ही गोष्ट मुलांना कोणी तरी सांगितली पाहिजे, आणि ती सांगण्याचे काम आईबापांचे आहे. येत्या आषाढात आम्ही आमच्या भाचीला आणि त्या सहकाऱ्यांच्या दोन्ही मुलांना घेऊन वस्तीवरच्या शाळेपर्यंत पायी जाणार आहो. मावशींनी वाटाड्या होण्याचे कबूल केले आहे. कागदावर सही कोणाचीही घेतली जाणार नाही.