बेटाचा ताळेबंद

मार्च महिन्यात आपल्या घरांत दोन कामे हातात हात घालून येतात : वर्षअखेरीचे हिशेब पुरे करायचे आणि पाडव्याच्या गुढीची तयारी करायची. जुने निस्तरून नव्याला सामोरे जाण्याच्या या दिवसांतच, १२ मार्चला, मॉरिशसचा राष्ट्रीय दिन येतो. १९६८ साली याच तारखेला तो देश स्वतंत्र झाला आणि १९९२ साली याच तारखेला प्रजासत्ताक. कोकणातून उसाच्या मळ्यांवर राबायला गेलेल्यांच्या वंशजांनी तिथे मराठी जपली, गणेशोत्सवाला तिथे सार्वजनिक सुटी असते. त्यामुळे त्या बेटाच्या बऱ्यावाइटाशी आपले नाते जुने आहे.

साखरेवर जगणारा हा देश आधी कापडउद्योगाकडे, मग पर्यटनाकडे आणि पुढे वित्तसेवांकडे वळला. जेमतेम बारा-तेरा लाख वस्तीच्या बेटाला पोट भरण्याचे नवे मार्ग शोधणे भागच होते. १९८२ साली भारताशी झालेल्या दुहेरी करआकारणी टाळण्याच्या कराराने समभागांवरील भांडवली नफ्याच्या कराचा हक्क मॉरिशसकडे राहिला, आणि तिथे तो कर आकारलाच जात नव्हता. १९९१ नंतर आपली दारे उघडली तेव्हा परदेशी भांडवलाचा मोठा प्रवाह मॉरिशसची राजधानी पोर्ट लुईच्या पत्त्यावरून आपल्याकडे येऊ लागला. त्यात खरी गुंतवणूक होती, तसाच इथलाच पैसा वळसा घालून परतत असल्याचा संशयही होता.

२०१५ साली ओईसीडी ही प्रामुख्याने विकसित देशांची संघटना आणि जी-२० देश यांनी, नफा जिथे कमावला तिथेच त्यावर कर भरला जावा, या तत्त्वाभोवती नवी नियमावली आणली. भारत-मॉरिशस करारातल्या २०१६ च्या दुरुस्तीनंतर, १ एप्रिल २०१७ पासून खरेदी केलेल्या समभागांवरील नफ्यावर भारत कर लावू लागला. २०१८ साली मॉरिशसने परदेशी व्यवहारांच्या कंपन्यांसाठीची जुनी सवलतव्यवस्था मोडीत काढली. पंधरा टक्के कर आणि ठरावीक उत्पन्नाच्या ऐंशी टक्क्यांना सूट अशी नवी घडी बसली. पण ती सूट हवी तर निर्णय, माणसे आणि खर्च खरोखर बेटावर दिसले पाहिजेत. २०२० साली काळ्या पैशाविरुद्धच्या उपायांत उणिवा आढळल्याने हा देश अशा पैशावर लक्ष ठेवणाऱ्या एफएटीएफ या आंतरराष्ट्रीय गटाच्या करड्या यादीत गेला आणि त्या दूर करून पुढच्याच वर्षी बाहेर आला. बड्या बहुराष्ट्रीय कंपन्यांसाठीचा किमान पंधरा टक्के करही २०२५ मध्ये त्याने आपल्या कायद्यात आणला.

या साऱ्यातून आपल्याला कळते ते हे, की नुसत्या पत्त्यावर मिळालेली श्रीमंती करारातल्या एका दुरुस्तीने ओसरू शकते, पण हिशेबनीस, वकील आणि निधी सांभाळणारे जाणकार घडवून कमावलेली पत देशातच राहते. छोट्या देशासाठी नियमपालन हीच नव्याने सुरुवात करण्याची वाट ठरली आहे.

मात्र कर्तव्य एकट्या छोट्यांचे नसते. नियम ठरवताना बेटांचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे, आणि ते नियम बलवानांनीही पाळले पाहिजेत. आज आपणही गांधीनगरच्या गिफ्ट सिटीत करसवलती देऊन जगाचे भांडवल बोलावत आहोत. मॉरिशसकडे जो खरेपणा आपण इतकी वर्षे मागितला, तोच आपल्या दारी आलेल्या प्रत्येक कंपनीकडे मागणे, हे नव्या आर्थिक वर्षात पाऊल टाकताना आपले पहिले कर्तव्य आहे.