दर्या आणि दऱ्या

माहुलच्या किनाऱ्यावर एकीकडे तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या टाक्या आणि चिमण्या, तर दुसरीकडे कोळ्यांच्या होड्या दिसतात. होडीवर नाव रंगवणाऱ्याला 'दर्या' लिहायचे असेल, तर रफार कुठे द्यावा हे कुणाला विचारावे लागत नाही. आमच्या पाहण्यात आलेल्या एका महाविद्यालयीन वार्षिकांकात मात्र 'सह्याद्रीच्या दऱ्या' अशा मथळ्याच्या जागी 'सह्याद्रीच्या दर्या' छापून आले. डोंगरात समुद्र उसळला! संपादक मराठीचेच प्राध्यापक होते. त्यांनी दोष संगणकावर ढकलला. आम्हांला हा बचाव मान्य नाही.

एके काळी त्यात तथ्य होते. युनिकोड रुळण्यापूर्वी प्रत्येक टंकाची संकेतप्रणाली निराळी असे, आणि एका टंकातला मजकूर दुसऱ्यात नेला की त्याची चिंधडी होई. आज तसे नाही. 'ऱ' हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्र आहे. त्याला हलन्त जोडून पुढे 'य' टंकित केला की अर्धचंद्रासारखा 'ऱ्य' उमटतो. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' यांतला भेद राखणे आता केवळ टंकन करणाऱ्याच्या बोटांवर आणि तपासणाऱ्याच्या डोळ्यांवर अवलंबून आहे.

'ल' आणि 'श' यांचे प्रकरण अधिक सूक्ष्म आहे. महाराष्ट्र शासनाने 6 नोव्हेंबर 2009 च्या निर्णयाने पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' प्रमाण ठरवले. तरीही मराठी संकेतस्थळांवर अनेकदा हिंदी वळणाचीच अक्षरे दिसतात. कारण साधे आहे. मजकुराची भाषा मराठी आहे, हे पानाच्या संहितेत कुणी नोंदवलेलेच नसते. टंकात मराठी वळणांची सोय असली, तरी भाषा कळल्याखेरीज तो ती वापरणार कशी? येथे अर्थ बदलत नाही, हे आम्ही मान्य करतो. पण वळण हीही भाषेची ओळख आहे, आणि ती आपण कुणी न मागताच सोडून देत आहोत.

साधनांची वाण आहे, असेही म्हणता येत नाही. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेने घडवलेला 'मुक्त' हा टंक कुणालाही विनामूल्य वापरता येतो. वाण आहे ती नजरेची. रोमन लिपीवर बेतलेले सौंदर्यनियम देवनागरीवर जसेच्या तसे लादले, की काय होते ते पाहावे. मथळा ऐसपैस दिसावा म्हणून अक्षरांत अंतर वाढवले की शिरोरेखा तुटते. ओळी जवळ आणल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर आदळतो. अशा वेळी प्रेरणेसाठी परदेशी नमुने चाळण्यापेक्षा जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचे एखादे जुने पुस्तक समोर ठेवावे. त्यातल्या जोडाक्षरांची ठेवण आणि ओळींतला श्वास अभ्यासावा. हाती बोरू धरून एक 'क्ष' काढून पाहावा. जाड-बारीक रेषांचे गणित तेव्हाच हाताला कळते.

'हे रचनाकारांचे काम. साहित्याच्या अभ्यासकांचा त्यात काय संबंध?' असे कुणी विचारील. विंडोजबरोबर घरोघर पोहोचलेल्या 'मंगल' या टंकाचे रचनाकार र. कृ. जोशी कवीही होते, एवढे स्मरण पुरे आहे. 2008 साली ते गेले. अक्षर आणि कविता ही त्यांच्या लेखी दोन खाती नव्हती. आपण मात्र ती वेगळी केली. संहितेच्या पाठभेदांवर तासन्तास बोलणारे आम्ही लोक, ती संहिता ज्या अक्षरांत उभी आहे त्यांकडे पाहतही नाही. तरुण रचनाकार जेव्हा 'इथे कोणता र?' असे विचारतो, तेव्हा उत्तर द्यायला मराठीचा शिक्षकच हवा. तो गप्प राहिला, तर निर्णय यंत्राच्या पूर्वनिश्चित मांडणीवर सोडला जातो.

म्हणून आमची मागणी माफक आहे. मराठीच्या वर्गात मुद्रितशोधन शिकवताना एक तास अक्षररचनेसाठी राखावा आणि त्या तासाला एखाद्या रचनाकाराला बोलवावे. तो विद्यार्थ्यांना पडद्यावरच्या मराठीत काय काय बिघडू शकते ते दाखवील. विद्यार्थी त्याला दर्या आणि दऱ्या यांतला भेद सांगतील. पुढचा वार्षिकांक दोघांनी मिळून तपासावा.