आकड्यांपलीकडची माणसे

युद्धाची बातमी मृतांचा आकडा सांगते. जगणाऱ्यांचे चेहरे सिनेमा लक्षात ठेवतो. झियाद दुएरींच्या 'वेस्ट बैरुत'मध्ये (१९९८) लेबनॉनचे यादवी युद्ध पेटते, शहर मुस्लिम पश्चिम आणि ख्रिस्ती पूर्व असे दुभंगते. तरी तारिक, उमर या पोरांची ख्रिस्ती मेशी दोस्ती जमतेच. पॅलेस्टिनी बिलीन गावच्या इमाद बुरनात यांनी २००५ मध्ये मुलगा झाला म्हणून कॅमेरा घेतला. गावच्या जमिनीत घुसलेले कुंपण आणि त्याविरुद्धचे मोर्चे टिपताना एकामागून एक पाच कॅमेरे फुटले. त्यातून झालेल्या 'फाइव्ह ब्रोकन कॅमेराज'चे (२०११) सहदिग्दर्शक गाय दाविदी मात्र इस्रायली! मग हे सिनेमे 'मुसलमानांचे' म्हणून बाजूला का सारायचे? शेजाऱ्याला सोबत घेऊनच ते पाहावेत.