आधी पोतं उघडा!



गोदीत डाळीची पोती उतरली की तपासणारा पोत्यात टोकदार नळी खुपसतो. मूठभर माल तळहातावर घेतो, हुंगतो, दाताखाली धरतो. नुसता वरचा छाप बघून निकाल देत नाही. आपल्याकडचे प्रस्थापित समीक्षक मात्र पिढ्यान्‌पिढ्या छापच बघत आले. भाषा रांगडी? वाईट. कागद हलका, एस.टी. स्टँडवर विकलं जातं? वाईट. लिहिणारा शाळेत गेला नाही? मग तर विचारूच नका. अण्णाभाऊ साठेंची ‘फकिरा’ १९५९ साली आली, १९६१ ला तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला, तरी ‘प्रचारकी’ हा शिक्का काही सुटला नाही. १९७२ ला ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला तेव्हा पांढरपेशांना त्यातल्या शब्दांची शिसारी आली. ज्या वस्तीतून ते शब्द आले, तिची मात्र कधी आली नव्हती.

मग वाईट साहित्य नसतंच काय? असतं. माझ्याच वहीत आहे.

मी मुखेडचा. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात आपली घरं पेटली. ४ ऑगस्टला आमच्याच नांदेड जिल्ह्यात, टेंभुर्णीला, पोचिराम कांबळेंची हत्या झाली. त्यांच्यावर मी कविता केली. जयंतीला वाचली. टाळ्याच टाळ्या! घरी आजीला ऐकवली. ती गप्प. मग म्हणाली, “लेकरा, हे कोनावरबी लागू पडंल. त्या टायमाला आमी रातभर हायब्रेटच्या रानात लपलो होतो, लेकराच्या तोंडावर हात दाबून. ते कुठं हाय ह्यात?”

नव्हतं. रक्त होतं, आग होती, सूर्य होता. सगळं दुसऱ्यांच्या कवितांतून उचललेलं. माणूस नव्हता. सदाशिवपेठी कथेत आपली आई बिचारी मोलकरीण होऊन येते. माझ्या कवितेत ती घोषणा होऊन आली. दोन्हीकडं तिच्याकडं कुणी बघितलंच नाही. माणसाकडं न बघता माणसावर लिहिणं, याला मी वाईट साहित्य म्हणतो. मग त्यात शिवी असो नाहीतर श्लोक.

आता प्राध्यापक विचारतील, असल्या भिकार मालाचा अभ्यास कशाला? थप्पीतलं एक पोतं सडलं तर ओल कुठून लागली हे बघावंच लागतं, साहेब. नाहीतर सगळी थप्पी जाते. स्टँडवरच्या पुस्तकात खलनायक कुठल्या वस्तीतला असतो, हसू कुणावर काढलेलं असतं, हे बघा. हजारो लोक ते वाचतात, त्यातून माणसं ओळखायला शिकतात. आणि आपल्या कवितेला कसली ओल लागली, तेही बघा. माझ्या कवितेला टाळ्यांची लागली होती.

ती कविता मी फाडलेली नाही. पुढच्या बैठकीत आणतो. आधी तीच वाचू, तिची चिरफाड करू. तुम्हीही तुमची सगळ्यात वाईट कविता घेऊन या.