रेटिंग की धमाल? बुद्धिबळ क्लबला दोन्ही का हवं?

२८ जुलै २०२५. जॉर्जियातल्या बाटुमीमध्ये नागपूरच्या १९ वर्षांच्या दिव्या देशमुखनं कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयानं ती थेट ग्रँडमास्टर झाली. त्याआधी डिसेंबर २०२४ मध्ये डी. गुकेश जगज्जेता झाला होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये तर विश्वचषकच गोव्यात आला.

अशा बातम्यांनंतर घरोघरी एक प्रश्न येतोच, "आपल्या पोराला कुठे घालायचं?" मग क्लासची फी भरली जाते आणि पाठोपाठ रविवारच्या रेटेड स्पर्धेचा फॉर्म येतो.

इथपर्यंत ठीक. पण पहिल्या दोन-तीन स्पर्धांनंतर जी मुलं "आता नाही खेळायचं" म्हणतात, त्यांचं काय? ज्यांना फक्त खेळायचंय, ग्रँडमास्टर व्हायचं नाहीये, त्या तिशीतल्या-साठीतल्या लोकांनी कुठे जायचं? याचं उत्तर क्लब महिनाभराचे कार्यक्रम कसे आखतो, यात आहे.

आधी समजून घेऊ, रेटिंगचं गणित काय असतं?

जागतिक संघटना 'फिडे' प्रत्येक खेळाडूला त्याच्या निकालांवरून एक आकडा देते. तो मिळवायला रेटिंग असलेल्या किमान ५ खेळाडूंशी खेळावं लागतं. पूर्वी रेटिंग १००० पासून सुरू व्हायचं. १ मार्च २०२४ पासून ही किमान मर्यादा १४०० झाली. म्हणजे त्याखालची कामगिरी असेल, तर यादीत नावच नाही. नवशिक्या मुलानं चार स्पर्धा खेळल्या, तरी त्याच्या नावापुढे 'अनरेटेड' असंच राहू शकतं.

आकडा मिळाल्यावर वेगळीच धाकधूक सुरू होते. १८ वर्षांखालच्या खेळाडूंसाठी (रेटिंग २३०० च्या खाली असेल तर) क्लासिकल प्रकारात चढउताराचा गुणक ४० असतो. समजा, १६५० रेटिंगची मुलगी १४५० च्या मुलाशी खेळतेय. जिंकली तर तिला साधारण १० गुण मिळतात. हरली तर साधारण ३० जातात. म्हणजे एक पराभव भरून काढायला तीन विजय लागतात.

गणित म्हणून हे बरोबरच आहे, कारण ती बलवान मानली गेलीय आणि तिच्याकडून जिंकण्याचीच अपेक्षा आहे. पण ११ वर्षांच्या पोरीला त्यातून एवढंच कळतं की आपल्यापेक्षा कमी रेटिंगवाल्याशी खेळण्यात धोका आहे. हॉलच्या बाहेर उभ्या पालकांच्या चेहऱ्यावरही तेच लिहिलेलं असतं.

मग स्पर्धा नकोतच का?

हव्यात. स्पर्धेशिवाय खेळ सुधारत नाही. हात लावलेली सोंगटी हलवावी लागते, घड्याळ दाबावं लागतं, हरल्यावर हात मिळवावा लागतो. ही शिस्त घरच्या सोफ्यावर येत नाही. प्रश्न स्पर्धा कशी घ्यायची, हा आहे.

गोव्यातला विश्वचषक बाद पद्धतीचा होता. २०६ खेळाडूंमधला जगज्जेता गुकेश तिसऱ्या फेरीतच बाहेर पडला. क्लबमध्ये हीच पद्धत ठेवली, तर ४० जणांतले २० जण पहिल्या फेरीनंतरच घरी जातील. म्हणून स्थानिक स्पर्धा स्विस पद्धतीनं घेतात. कुणीच बाद होत नाही. प्रत्येक फेरीत जवळपास सारखे गुण असलेल्यांची गाठ पडते. जिंकणाऱ्याला तगडा प्रतिस्पर्धी मिळतो, हरणाऱ्याला त्याच्या ताकदीचा. सहा फेऱ्यांनंतर बहुतेकांच्या पदरी काहीतरी गुण असतात.

वेळेचं गणितही जमतं. प्रत्येकाला १० मिनिटं आणि दर चालीला ५ सेकंद जादा दिली, तर ६० चालींचा डाव अर्ध्या तासात संपतो. जोड्या लावायला दहा मिनिटं धरली, तरी सहा फेऱ्या चार तासांत होतात. महिन्यातून एकदा अशी अनरेटेड स्पर्धा घेतली, तर नवशिक्यांना रेटिंगची भीती न बाळगता स्पर्धेची सवय होते.

आणि 'धमाल रात्र' म्हणजे काय?

महिन्यातली एक संध्याकाळ नेहमीचे नियम बाजूला ठेवून खेळायची. गुण नाहीत, बक्षीस नाही. तीन प्रकार सहज जमतात.

चेस ९६०: बॉबी फिशरनं १९९६ मध्ये ब्युनोस आयर्समध्ये हा प्रकार जाहीर केला. मागच्या रांगेतल्या सोंगट्यांची जागा चिठ्ठीनं ठरते. अटी दोनच: दोन उंट वेगवेगळ्या रंगांच्या घरात हवेत आणि राजा दोन हत्तींच्या मध्ये हवा. काळ्या घरातल्या उंटाला ४ जागा, पांढऱ्या घरातल्या उंटाला ४, मग वजिराला उरलेल्यांतल्या ६, दोन घोड्यांच्या १० जोड्या. उरलेल्या तीन घरांत हत्ती-राजा-हत्ती. ४ × ४ × ६ × १० = ९६०. एका फाशानंही हे ठरवता येतं.

फायदा काय? पाठ केलेली ओपनिंग इथे चालत नाही. क्लासला जाणारा मुलगा आणि वीस वर्षांनी पटाला हात लावणारे काका पहिल्या चालीपासून स्वतःच्या डोक्यानं खेळतात. हा पोरखेळ नाही. मॅग्नस कार्लसन 'फ्रीस्टाइल' या नावानं हाच प्रकार खेळतो. जुलै २०२५ मध्ये लास वेगासला आर. प्रज्ञानंदनं त्याला यातच हरवलं होतं.

बगहाउस: चार खेळाडू, दोन पट, दोन जोड्या. जोडीतला एक पांढऱ्यानं खेळतो, दुसरा काळ्यानं. तुम्ही मारलेली सोंगटी जोडीदाराला द्यायची. तो चाल करण्याऐवजी ती आपल्या पटावर रिकाम्या घरात ठेवू शकतो. "घोडा दे, घोडा दे!" असा आरडाओरडा होणारच. एरवी एकट्यानं खेळायचा हा खेळ इथे सांघिक होतो.

हात आणि डोकं: जोडीतला एक जण फक्त सोंगटीचं नाव सांगतो, "उंट". दुसरा तो उंट कुठे न्यायचा ते ठरवतो. बोलायला बंदी. चांगल्या खेळाडूबरोबर नवशिक्याला बसवलं, तर डाव संपेपर्यंत नवशिक्या बरंच काही शिकलेला असतो.

यानं खेळ बिघडत नाही का?

प्रशिक्षकांचा हा आक्षेप अगदीच चुकीचा नाही. बगहाउसमध्ये सोंगट्या बेफिकिरीनं फेकायची सवय लागते. स्पर्धेच्या आदल्या दिवशी ते खेळू नये, हे बरोबर. पण महिन्यातल्या एका संध्याकाळीनं पाया ढासळत नाही. चेस ९६० मध्ये तर उलट सोंगट्या बाहेर काढणं, राजा सुरक्षित ठेवणं ही मूळ तत्त्वंच कामाला येतात.

नियम बदलून खेळणं आपल्याला नवंही नाही. जुन्या भारतीय पद्धतीत प्यादं पहिल्या चालीत दोन घरं जात नसे. मीर सुलतान खान याच नियमांवर तयार झाला. पुढे आंतरराष्ट्रीय नियम शिकून तो इंग्लंडला गेला आणि १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीनदा ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धा जिंकला.

खरी अडचण पैशाची आहे. रेटेड स्पर्धेला एन्ट्री फी मिळते, त्यातून हॉलचं भाडं, पंचांचं मानधन आणि बक्षिसं निघतात. धमाल रात्रीतून काही निघत नाही. म्हणून ती पहिली रद्द होते. पण तिला पंच लागत नाहीत, बक्षिसं लागत नाहीत. पट, घड्याळं आणि चहा पुरतो. शाळेचा वर्ग, वाचनालयाची खोली किंवा सोसायटीचा हॉल चालतो.

मग करायचं काय?

तुमच्या गावात क्लब असेल, तर त्यांना एवढंच विचारा: "महिन्यातला एक दिवस रेटिंगशिवाय ठेवाल का?" क्लब नसेल, तर आठ माणसं आणि चार पट पुरेसे आहेत. मुलाला क्लासला घालताना पालकांनीही एक चौकशी करावी. इथे हरल्यावर पुढच्या आठवड्यात पुन्हा यावंसं वाटेल, असं काही होतं का?

नागपूरच्या दिव्यासारखी मुलगी हजारांत एखादीच होते. बाकीच्यांनी वयाच्या पन्नाशीतही पट मांडत राहावं असं वाटत असेल, तर क्लबमध्ये त्यांच्यासाठीही एक संध्याकाळ राखून ठेवावी लागेल.