फाईलबाईंचे नामकरण

मुलाचे नाव ठेवताना आपण पंचांग उघडतो. संगणकातल्या फाईलचे नाव ठेवताना मात्र सारा स्वैर कारभार! १९६९ साली बेल प्रयोगशाळेत जन्मलेल्या युनिक्सने फाईलच्या नावात तिरकी रेघ आणि शून्याचे अदृश्य चिन्ह एवढ्यांनाच मज्जाव केला. बाकी सारे रान मोकळे.

आमच्या एका विद्यार्थिनीच्या प्रबंधात नुसते ‘*’ एवढ्याच नावाची फाईल कशी कोण जाणे शिरली. ती पुसायला बाईसाहेब ‘आरएम *’ टंकून बसलेल्या! आज्ञा वाचणारा शेल त्या तारकेचा अर्थ ‘इथल्या न लपवलेल्या झाडून साऱ्या फायली’ असा घेतो, आणि ‘आरएम’पाशी केराची टोपलीही नसते. तीन वर्षांची प्रकरणे गेलीच असती.

तारकेला अवतरणचिन्हांत कोंडले की ती निमूट अक्षर होते. (व्याकरणाच्या तासाला जांभया देणाऱ्यांनी हे ऐकावे!) नावाच्या आरंभी आडवी रेघ असली, तर ‘आरएम’ला तो हुकमाचाच भाग वाटतो, तिथे नावाआधी टिंब आणि तिरकी रेघ द्यावी. जोडीला ‘-आय’ लिहिले, की यंत्र पुसण्यापूर्वी विचारते.

तिलाही विचारले. एकाच फाईलबद्दल. मग तिने ‘हो’ म्हटले.